बादशहाची जागा बघताना

मराठी मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात जागा घेतो एकदा, पण बघत जन्मभर असतो. बुकिंग करायचं नसलं तरी रविवारी सॅम्पल फ्लॅट बघून येतो. मित्राच्या वास्तुशांतीला गेला तर प्रसाद हातावर पडायच्या आधी बाल्कनीत डोकावतो. सांत्वनाला गेलेल्या घरातून निघतानासुद्धा ‘कार्पेट किती असेल हो?’ हा प्रश्न त्याच्या ओठापर्यंत येऊन केवळ संस्कारांमुळे मागे फिरतो. अशा माणसाला आग्र्याच्या किल्ल्यात, थेट बादशहाच्या राहत्या महालात सोडलं, की तो इतिहास बघेल ही अपेक्षाच चूक. तो जागा बघतो.

त्यातून आपल्याला आयते उभे राजवाडे बघायची फारशी सवय नाही. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला. रायगडावर १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफा चालल्या आणि राणीवशाची जोती तेवढी उरली. त्यामुळे जोत्यावर उभं राहायचं, हवेत बोट फिरवायचं आणि ‘ही सदर, हे देवघर, इथून जिना वर जात असणार’ असं म्हणायचं, यावरच आपली कल्पनाशक्ती पोसलेली. आग्र्याला सगळंच उलटं. तिथं भिंती आहेत, छत आहे, छज्जे, जाळ्या, कोनाडे, जिने, सगळं जागच्या जागी आहे. आत मात्र काही नाही. पलंग नाही, चूल नाही, साधी खुंटी नाही. भरल्या डोळ्यांनी जोतं बघणारा माणूस अशा रिकाम्या खोलीत गेला की गोंधळतो, आणि गोंधळला की प्रश्न विचारतो. तेही हिंदीत.

आमच्या सहलीत आम्ही नवराबायको सोडून एक बँकेतून निवृत्त झालेले काका होते, त्यांच्या सौभाग्यवती काकू होत्या, नाशिककडचे एक द्राक्षबागायतदार भाऊ होते, फोटोंची जबाबदारी आपणहून घेतलेल्या एक वहिनी होत्या आणि सातवीतला त्यांचा मुलगा. आमचा गाइड आग्र्याचाच, उर्दू वळणाची सुरेख हिंदी बोलणारा. त्यानं दक्षिणेकडच्या अमरसिंह दरवाज्याशी उभं राहून ‘हुजूर, शहंशाह अकबरने सन १५६५ में इस क़िले की तामीर शुरू कराई और आठ बरस में मुकम्मल हुआ’ अशी सुरुवात केली. काकांनी तिथंच त्याला थांबवलं.

“आठ बरस में? पूरा? पझेशन के साथ?”

तो ‘हां’ म्हणाला. काका आमच्याकडे वळून म्हणाले, “आमचं टॉवरचं काम अकराव्या वर्षात आहे. अजून लिफ्ट नाही.”

अडीचेक किलोमीटरचा तट, सत्तर फूट उंची. एवढ्या पसाऱ्यातला बराच भाग आज लष्कराच्या ताब्यात आहे आणि आपल्याला फिरता येतं ते एका तुकड्यात. पण नेमका तोच राहण्याचा, नदीकडचा, हवेशीर तुकडा. ‘म्हणजे व्ह्यूवाले फ्लॅट आपल्याला दाखवतायत,’ असं काकूंनी त्याचं मराठीत भाषांतर केलं.

दरवाज्यातून वर चढून गेलं की हिरवळीवर, जहांगिरी महालाच्या समोर, एक दगडी वाडगा ठेवलेला आहे. वाडगा म्हणजे माणसाच्या खांद्याएवढा उंच आणि काठाशी आठ फूट रुंद. एकाच शिळेतून कोरलेला. आत उतरायला दगडी पायऱ्या, बाहेरून चढायला दगडी पायऱ्या, आणि काठाला फारसी लेख. हा हौज-ए-जहांगिरी, १६११ च्या सुमाराचा, आणि जहांगीरानं नूरजहानला वरून आणलं त्याच सालातला, म्हणून गाइड मंडळी त्याला लग्नातला आहेर करून टाकतात. बादशहाचं हे आंघोळीचं घंगाळ. काका त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून आले, मोबाइलवर काहीतरी गुणाकार केला आणि म्हणाले, “तीन-साडेतीन हजार लिटर धरा. म्हणजे पावणेदोनशे बादल्या. एका आंघोळीला.” काकूंना पाण्याची चिंता नव्हती. त्यांनी वाकून आतला तळ बघितला, बोटानं कड घासून पाहिली आणि विचारलं, “आणि हे घासायला रोज आत कोण उतरत होतं?”

गाइडला नूरजहानच्या गुलाबाच्या अत्तराबद्दल बोलायचं होतं. पण शेवाळ्याच्या प्रश्नावर अत्तर हे उत्तर होत नाही, हे त्यालाही जाणवलं असावं. तो पुढे चालू लागला.

जहांगिरी महाल नावाला जहांगिरी. बांधला अकबरानं, आणि तोही राणीवशासाठी. तांबड्या दगडात सुताराचं काम केलंय. तुळया, घोडे, तिरपे आधार, नक्षीच्या पट्ट्या, सगळं लाकडात शोभावं असं, पण दगडाचं. अकबराच्या दरबारातला अबुल फजल लिहून गेलाय की या किल्ल्यात बंगाल आणि गुजरातच्या धाटणीच्या पाचशेहून जास्त इमारती अकबरानं उठवल्या. आज त्यातल्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच उरल्यात. बाकीच्यांचं काय झालं?

“रीडेव्हलपमेंट,” काका म्हणाले.

आणि इतिहासकारांनी याहून नेमका शब्द वापरला असेल असं मला वाटत नाही. १६२८ मध्ये शहाजहान गादीवर आला. आजोबांचा तांबडा दगड त्याला जुनाट वाटला असणार. त्यानं पाडापाडी करून संगमरवर बसवायला घेतला. १६३५ मध्ये दिवाण-ए-खास, त्याच्या आसपासच खास महाल, पुढे अंगुरी बाग. कुणाची संमतिपत्रं घेतली नाहीत, कुणाला दोन वर्षांचं भाडं दिलं नाही, कॉर्पस फंडाचा तर प्रश्नच नव्हता. आणि एवढं सगळं पांढरंशुभ्र करून झालं न झालं तोच, १६३९ मध्ये गडी दिल्लीत नव्या लाल किल्ल्याची कोनशिला बसवतो आणि १६४८ ला बाडबिस्तरा घेऊन तिकडे राहायला जातो! टाइल्स बदलल्या, किचन नवं केलं आणि लगेच जागा काढून टाकली, अशी माणसं प्रत्येक सोसायटीत असतातच. फक्त त्यांच्याकडे मयूरासन नसतं.

खास महालात आम्ही शिरलो तेव्हा उन्हं चांगलीच तापली होती, पण आत पाऊल टाकताच गारवा जाणवला. मागच्या बाजूला नदीकडे उघडणाऱ्या जाळ्या, पुढे संगमरवरी चौथरा आणि कारंज्याचं टाकं. दोन्ही अंगांना वाकड्या छपरांचे, सोन्याच्या मुलाम्याचे तांब्याचे पत्रे चढवलेले दोन मंडप. एक जहांआराचा, दुसरा रोशनआराचा, असं सांगतात. “दोन्ही मुलींना सेम टू सेम,” काकूंनी पसंतीची मान हलवली. “नाहीतर पुढे तेवढ्यावरूनच कोर्टात जातात.”

इथं मात्र तो मूळ प्रश्न आलाच. वहिनींनी विचारला. “ये हॉल है, तो बेडरूम किधर है?”

गाइड म्हणाला, हाच शयनकक्ष. मग हॉल कुठाय? हाच. जेवायचं कुठं? इथंच, किंवा तिकडे, किंवा बागेत, शहंशाहची मर्जी. वहिनींचा चेहरा असा झाला की बिल्डरनं टू बीएचके सांगून वन आरके दाखवावा.

खरं तर मुघल महालात गेल्यावर आपली सगळी पंचाईत इथं होते. आपण खोलीला नाव शोधत असतो आणि त्या खोलीला नावच नसतं. फर्निचर नावाचा जड संसार त्या लोकांनी केला नाही. गालिचे, गाद्या, तक्के, पडदे, चिका. फर्राशखाना म्हणून एक आख्खं खातं याच कामाला. जिथं बादशहा बसणार तिथं जाऊन पसरायचं, तो उठला की गुंडाळायचं. उन्हाळ्यात तळघरात उतरायचं, वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारायचं. थंडीत उन्हात यायचं. रात्री वारा असेल त्या गच्चीवर. छज्ज्यांच्या खाली कनाती आणि चांदण्या ताणायला दगडी कड्या ठेवायच्या. म्हणजे घर म्हणजे भिंती नव्हेतच, घर म्हणजे अंथरूण. ते उचललं की उरतं ते आपल्याला तिकीट काढून दाखवतात.

ही व्यवस्था ज्याला चटकन कळते असा एकच माणूस मी पाहिलेला आहे, तो म्हणजे गिरगावच्या चाळीत वाढलेला. दहा बाय बाराची एकच खोली. सकाळी तीच बैठकीची, दुपारी पानं मांडली की जेवणाची, चारला मुलांच्या अभ्यासाची, रात्री गाद्या पसरल्या की अकरा जणांची शय्यागृहं. उकडलं की गॅलरीत, त्याहून उकडलं की गच्चीवर. बादशहा आणि चाळकरी, दोघांचं वास्तुशास्त्र एकच. फरक एवढाच की बादशहाचं अंथरूण दुसरं कुणीतरी घालत होतं. आणि संडास कॉमन नसावा, अशी आशा.

त्या विषयाचा शोध आमच्या गटानं अर्थातच घेतला. जाळीमागं पाहिलं, जिन्याखाली पाहिलं. प्रसाधनगृहाची एक पाटी दिसली, पण ती पुरातत्त्व खात्याची होती. सबंध राजवाड्यात ज्या कामासाठी बांधली त्याच कामासाठी आज वापरात असलेली तेवढी एकच वास्तू असावी.

खास महालासमोर अंगुरी बाग. संगमरवरी पायवाटांनी चार भाग केलेले, मध्ये चौथरा आणि टाकं, आणि वाफे असे नक्षीदार कापलेले की गालिचाच वाटावा. नाशिकच्या भाऊंनी सकाळपासून तोंडातून शब्द काढला नव्हता. ‘अंगुरी’ ऐकताच ते पुढे आले. कमरेवर हात ठेवून त्यांनी वाफ्यांवरून नजर फिरवली.

“मांडव कुठाय?”

गाइडला मांडव कळेना. भाऊंनी दोन्ही हात वर करून तारा, खांब, वेल असं हवेत उभं केलं. गाइडनं सांगितलं, आता द्राक्षं नाहीत, नाव आहे. मात्र बादशहानं या बागेसाठी खास काश्मीरहून माती आणवली होती, असं म्हणतात.

भाऊ खाली बसले. वाफ्याच्या कडेची चिमूटभर माती उचलली, अंगठ्यावर चोळली, डोळ्यांजवळ नेली, नाकाजवळ नेली. द्राक्षवाला माणूस मातीचा वास घेतो तेव्हा बँकेचा मॅनेजरसुद्धा गप्प बसतो. काका गप्प बसले.

“काश्मीरची कसली,” भाऊ उठत म्हणाले. “आणि माती आणून द्राक्ष येतं का? एप्रिलला छाटावं लागतं, ऑक्टोबरला छाटावं लागतं, एक अवकाळी आला की सगळं गेलं. ह्यांच्यात छाटणी कोण करीत होतं?” मग दगडी पन्हळींकडे बघून त्यांनी शेरा पूर्ण केला, “पाण्याची लाइन मात्र नंबर एक टाकलीय.”

एवढ्या मोठ्या घराचा खर्च कसा चालत होता, यावर काकांनी बोलायला सुरुवात केली. ते अबुल फजलची ‘ऐन-ए-अकबरी’ वाचून आले होते. निवृत्तीनंतर वाचायचं म्हणून जे जे ठेवलेलं असतं, ते खरोखर वाचणारे ते एकमेव गृहस्थ. अबुल फजल सांगतो, जनानखान्यात पाच हजारांहून जास्त बायका होत्या आणि प्रत्येकीला स्वतंत्र जागा नेमून दिलेली होती. ‘पाच हजार बायका’ या शब्दांवर आमच्यातल्या पुरुषांनी जो चेहरा केला तो काकूंनी टिपून ठेवला. पण काकांचं लक्ष भलतीकडेच. “सिस्टीम बघा,” ते म्हणाले. “वरच्या दर्जाच्या बायकांना महिना १०२८ ते १६१० रुपये. कुणाला काही हवं असलं तर आपल्या पगाराच्या मर्यादेत तहवीलदाराकडे अर्ज करायचा. तो टिपण लेखनिकाकडे पाठवणार, लेखनिक तपासणार, मग खजिनदार रोख देणार. मेकर, चेकर, पेमेंट! चारशे वर्षांपूर्वी!”

साडीच्या खरेदीला तीन सह्या लागत, या कल्पनेनं ते हरखून गेले होते. काकू म्हणाल्या, “आमच्याकडे एकच सही लागते, पण ती मिळत नाही.”

पहाऱ्याची रचनाही तशीच पायरीपायरीनं. आत विश्वासू बायका, त्यांच्या बाहेर खोजे, त्याच्याही बाहेर रजपूत. यावर वहिनींनी आपल्या सोसायटीच्या वॉचमनबद्दल जे सांगितलं ते इथं देत नाही.

स्वयंपाकघर काही कुणी दाखवलं नाही, पण त्याचीही माहिती काकांकडे होतीच. अन्न शिजलं की आचारी चाखणार, मग मुदपाकखान्याचा मुख्य बकावल चाखणार. सोन्याचांदीच्या भांड्यांना तांबडं फडकं, तांब्याच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांना पांढरं. वर सील, सोबत पदार्थांची यादी, मग वाजतगाजत पंगतीकडे. अकबर प्यायला गंगेचं पाणी वापरी, ते आग्र्याला सोरोंहून येई आणि सोऱ्यात गार केलं जाई. खिचडीचं प्रमाण असं: पाच शेर तांदूळ, पाच शेर डाळ, पाच शेर तूप.

“तूपसुद्धा पाच शेर?” काकू.

“समप्रमाण.”

“मग ती खिचडी नव्हे. ते तुपाला तांदूळ लावलेत.”

पण त्यांना खरं लागलं ते पुढचं. अकबर दिवसातून एकदाच जेवे, वेळ ठरलेली नाही. पण एकदा हुकूम सुटला की तासाभरात शंभर पदार्थ समोर आले पाहिजेत. काकूंनी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. “कधी येणार ते सांगायचं नाही, भूक आहे की नाही ते सांगायचं नाही, आणि आलं की ताट तयार हवं.” बोलताना त्या काकांकडे बघत नव्हत्या. त्याची गरजही नव्हती.

असं करत करत आम्ही मुसम्मन बुर्जापाशी आलो. आठ बाजूंचा संगमरवरी बुरूज, खांबांवर रंगीत दगडांची फुलं जडवलेली, जमिनीत कमळासारखं कोरलेलं कारंजं. आम्ही गेलो तेव्हा हे सगळं बाहेरूनच पाहायचं होतं. इथंच शहाजहान कैदेत होता. पूर्वेला नदी, समोर मोकळी हवा, दूरवर नदीच्या वळणावर ताजमहाल. वहिनींनी मोबाइलमधलं होकायंत्र काढून पूर्व दिशा तपासली. “पूर्वेला वाहतं पाणी. वास्तुशास्त्राप्रमाणे याहून शुभ काय असतं? तरी पोटच्या मुलानं कोंडलं?” बराच विचार झाल्यावर ठरलं की जिना चुकीच्या दिशेला असला पाहिजे.

कारण जिना नव्हतं, पाणीच होतं. १६५८ च्या जूनमध्ये औरंगजेबाचं सैन्य किल्ल्याबाहेर येऊन बसलं. तट काही पडेना. मग त्यांनी नदीकडचा पाणी भरायचा दरवाजा ताब्यात घेतला. आत उरल्या त्या मचूळ पाण्याच्या विहिरी. ज्याच्या आजोबांना गंगेखेरीज पाणी गोड लागत नव्हतं, त्या बादशहानं ऐन उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत किल्ला सोडला. सोसायटीच्या भांडणात पाणी तोडल्यावर माणूस किती लवकर तडजोडीला येतो, हे ज्यांनी मेंटेनन्स थकवलाय त्यांना सांगायला नको. पुढची साडेसात वर्षं, २२ जानेवारी १६६६ ला मरेपर्यंत, तो इथंच होता. जहांआरा सोबत होती. त्याचं शव नावेतून नदीमार्गे ताजमहालाकडे नेलं. आज त्या नदीच्या आणि तटाच्या मधून रस्ता जातो आणि त्यावर ट्रक हॉर्न वाजवत असतात.

आता गाइडनं आवाज खाली आणला. हा त्याचा हातखंडा प्रवेश होता. औरंगजेबानं बापाला निरोप पाठवला म्हणे, की रोज खायला एकच धान्य मिळेल, कुठलं ते तुम्ही निवडा. शहाजहाननं आपल्या खानसाम्याला विचारलं. खानसामा म्हणाला, हुजूर, चना मागा. चन्यापासून मी रोज नवा पदार्थ करीन. ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. तोही ते जाणून होता. डोळे मिटून तो क्षणभर थांबला. इथं पर्यटक हळहळतात.

“बरोबर आहे,” काकू म्हणाल्या. “पिठलं.”

“झुणका,” माझी बायको.

“भजी. शेव. बेसनाचे लाडू,” वहिनी.

“हरभऱ्याची उसळ. भिजवून, मोड आणून. आणि हिवाळ्यात सोलाण्याची आमटी,” भाऊ. शेतकऱ्याला हंगाम आधी दिसतो.

“पुरणपोळी!” सातवीतला मुलगा ओरडला, आणि इथं मतभेद सुरू झाले. पुरण चण्याच्या डाळीचं हे खरं, पण पोळीला कणीक लागते. एकच धान्य म्हटल्यावर कणीक कशी चालेल? नुसतं पुरण वाटीत घेऊन खायला हरकत नाही, असा एक तोडगा निघाला. त्याला गूळ लागतो. गूळ हे धान्य नाही, त्यामुळे तो चालायला हवा, असं काकांनी नियमावर बोट ठेवून सांगितलं. मग तेल? तेलही धान्य नाही. पण तेल ज्याचं काढलं ते? करडई, शेंगदाणा? ते तेलबियांत येतं, त्याचं खातं वेगळं. “आणि फोडणीशिवाय पिठलं करायचं असेल,” काकू निर्वाणीच्या सुरात म्हणाल्या, “तर त्यापेक्षा कैद बरी.”

गाइड दोन पावलं मागे उभा राहून ऐकत होता. ‘पिठ्ला’ असं त्यानं एकदा पुटपुटल्याचं मला आठवतं. मग त्यानं ‘वो कैसे बनता है?’ असं काकूंना विचारलं, आणि दिवाण-ए-खासच्या गच्चीवर पोचेपर्यंत बेसन, ताक, हिरवी मिरची, लसूण हे सगळं काकूंच्या हिंदीतून त्याच्यापर्यंत गेलं. ‘गुठळ्या नहीं होने चाहिए’ यातल्या गुठळ्या त्याला कशा कळल्या, ते त्याचं त्यालाच माहीत.

त्या गच्चीवर जहांगिराचं काळ्या दगडाचं तख्त आहे. १६०२ मध्ये अलाहाबादेत, बापाविरुद्ध बंड करून बसला असताना त्यानं ते घडवलं. त्याला आज एक भेग आहे. १८०३ मध्ये इंग्रजांचा लेक हा सेनापती किल्ल्यावर चालून आला तेव्हा तोफगोळ्यानं ती पडली, असं सांगतात. किल्ला त्या वेळी कुणाकडे होता? दौलतराव शिंद्यांच्या फौजेकडे. ही माहिती कळताच भाऊंनी भेगेकडे जरा आपुलकीनं पाहिलं. काका म्हणाले, “आपल्या ताब्यात असताना मोडलं म्हणजे डिपॉझिटमधून कापून घेतलं असणार.”

आता दिवाण-ए-खास समोर आल्यावर प्रत्येक मराठी गटाचा जो असतो तो प्रश्न आला, आणि त्यात कुणी थट्टा केली नाही. शिवाजी महाराज कुठं उभे होते? १२ मे १६६६. बाप गेल्यावर आग्र्याला येऊन बसलेल्या औरंगजेबाचा, चांद्र वर्षांनी पन्नासावा वाढदिवस. शहाजहानला जाऊन चार महिनेही झाले नव्हते. महाराजांसोबत नऊ वर्षांचे संभाजीराजे. पंचहजारी सरदारांच्या रांगेत उभं केल्यावर महाराजांनी भर दरबारात जो संताप दाखवला, तो काकांनी असा सांगितला की शेजारचा गुजराती गट आपला गाइड सोडून आमच्याकडे सरकला.

“आणि पेटारे कुठल्या दरवाज्यातून नेले?” मुलानं विचारलं.

“ते किल्ल्यातून नेलेच नाहीत,” काका म्हणाले. “महाराजांचा मुक्काम बाहेर, रामसिंगाच्या तळाजवळ. पहारा फौलादखानाचा, तोही तिथं. १७ ऑगस्टला निसटले ते तिथून.”

वहिनींचा चेहरा उतरला. सकाळीच किल्ल्यातल्या एका बऱ्यापैकी प्राचीन दिसणाऱ्या दाराचा फोटो ‘याच दारातून पेटारे बाहेर गेले’ अशा मजकुरासह त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. त्यावर नमस्कारांचा पाऊस पडला होता, दोघांच्या अंगावर शहारे आले होते, आणि तो तीन वेगळ्या ग्रुपांवर पुढे गेला होता. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करून आता काही उपयोग नव्हता. काकांनी मात्र त्यांची समजूत घातली. याच किल्ल्यात एक मोठा लाकडी दरवाजा ठेवलेला आहे. १८४२ मध्ये गव्हर्नर जनरल एलेनबरोनं तो गझनीहून, महमुदाच्या कबरीवरून काढून आणवला आणि सोमनाथाचा चंदनी दरवाजा परत आणला म्हणून जाहीरनामा काढला. तो निघाला देवदाराचा. सोमनाथापर्यंत न पोचता इथंच राहिला. “एवढ्या मोठ्या माणसाला दार ओळखता आलं नाही,” काका म्हणाले, “आणि त्यानं तर सरकारी शिक्का मारून फॉरवर्ड केलं होतं.”

दिवाण-ए-आमच्या पटांगणात एका इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. कॉल्विन, वायव्य प्रांतांचा लेफ्टनंट गव्हर्नर. १८५७ च्या धामधुमीत किल्ल्यात अडकला, आजारी पडून मेला आणि त्याला इथंच पुरला. ऐन हॉलसमोर कबर पाहून वहिनींनी पुन्हा होकायंत्र काढलं, पण बसची वेळ झाली होती.

बाहेर आलो. किल्ल्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. तिथं फोटो, जयजयकार, मग परत फोटो, कारण पहिल्यात भाऊंचे डोळे मिटलेले. काकांनी गाइडचा हिशेब चुकता केला, वर बक्षिसी दिली, आणि पावती मिळत नाही म्हणून थोडे खट्टू झाले. एवढ्यात कोल्हापूर पासिंगची एक गाडी येऊन थांबली. त्यातून पांढरी टोपी घातलेले एक आजोबा उतरले, त्यांच्यामागे नऊवारीतल्या आजी, त्यांच्यामागे बाकीचं गोकुळ. आमचा गाइड आमच्या देखत त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. आजोबांना गाइड नको होता. सगळं पुस्तकात वाचलंय, असं ते म्हणत होते.

“बाबूजी, किताब में ये नहीं मिलेगा,” गाइड म्हणाला. “औरंगज़ेब ने बाप से पूछा, एक अनाज चुन लो। खानसामे ने कहा, हुजूर, चना माँगिए। क्यों? क्योंकि चने से पिठ्ला बनता है! झुनका बनता है! लेकिन गुठळ्या नहीं होने चाहिए!”

आजी थबकल्या. त्यांनी आजोबांचा हात धरून थांबवलं.

“ह्येला घ्या हो,” त्या म्हणाल्या. “हा माहितगार दिसतोय.”